सायन्स म्युझियममध्ये पोरांना नेताय? मग आधी हे वाचा

आमची पहिली ट्रिप साफ फसली होती, हे आधीच सांगून टाकते. थोरला तेव्हा नऊ वर्षांचा, धाकटी सहाची, आणि मी हातात नकाशा घेऊन पुढे, म्हणजे जणू एखादं दालन राहिलं तर तिकिटाचे पैसे बुडणार होते. "चला चला, अजून वरचा मजला राहिलाय" असं म्हणत पाच तासांत सगळं पाहून काढलं आणि परत येताना मोठ्या उत्साहाने विचारलं, काय आवडलं सगळ्यात जास्त? थोरला म्हणाला, "लिफ्ट." काचेची होती, मान्य आहे, पण लिफ्ट! धाकटी तर तोपर्यंत तोंड उघडं टाकून झोपली होती.

त्यानंतर वेगवेगळ्या ठिकाणच्या अशा म्युझियममध्ये बऱ्याच वेळा गेलो, अजूनही जातो, आणि हळूहळू एकच गोष्ट कळत गेली. कमी बघायचं, एकेका ठिकाणी भरपूर रेंगाळायचं आणि आई-बाबांनी तोंड जरा आवरायचं. पुढे जे लिहिलंय ते सगळं याच्याच भोवती फिरतं, त्यामुळे वेळ नसेल तर एवढं वाचून निघालात तरी चालेल.

म्युझियम बघून माणूस थकतो हे काही आपल्यालाच होत नाही बरं का. बेंजामिन गिलमन नावाच्या गृहस्थांनी 1916 मध्येच यावर लेख लिहिला होता, ते बॉस्टनच्या कलासंग्रहालयात काम करायचे. त्यांनी एका माणसाला कपाटातल्या वस्तू नीट बघायला सांगितलं आणि तो कसा वाकतो, मान वाकडी करतो, गुडघे टेकतो त्याचे फोटो काढून दाखवले. मोठ्या माणसाचं हे, मग तीन-साडेतीन फुटांच्या पोराचं काय होत असेल विचार करा. म्हणून माझा हिशोब साधा आहे, लहान पोरं असतील तर दीड ते दोन तास, मोठी असतील तर तीन, आणि मध्ये एकदा बाहेर मोकळ्या हवेत बसून खाऊन-पिऊन यायचं. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी त्याच तिकिटावर परत आत सोडतात, पण बाहेर पडायच्या आधी गेटवर विचारून घ्या, काही ठिकाणी हातावर शिक्का मारून घ्यावा लागतो.

हात लावायचं म्युझियम म्हणजे नक्की काय

हे जरा सांगते कारण यावरून तिथे वागायचं कसं ते ठरतं. जुनी म्युझियम म्हणजे काचेच्या कपाटात वस्तू आणि वर "हात लावू नये" ची पाटी. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमने ही पद्धत मोडायला सुरुवात केली. ओस्कार फॉन मिलर नावाच्या इंजिनियरने ते उभं केलं, आताची इमारत 1925 मध्ये उघडली, आणि तिथे लोकांना बटणं दाबता यायची, हँडल फिरवून यंत्र चालवून बघता यायचं. मग 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम निघालं. ते काढणारा फ्रँक ओपेनहायमर, म्हणजे अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपेनहायमरचा धाकटा भाऊ. तोही फिजिक्सवाला, त्याच प्रोजेक्टवर काम केलेला, पण पुढे राजकारणापायी युनिव्हर्सिटीतली नोकरी गेली, मग कोलोरॅडोत गुरं पाळली, तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवलं, आणि मग हे म्युझियम काढलं. त्याच वर्षी टोरोंटोचं ओंटारियो सायन्स सेंटरही सुरू झालं. आज जगभर जी सायन्स सेंटर्स दिसतात त्यातल्या कितीतरी ठिकाणी याच दोन-तीन जागांचे प्रयोग थोड्याफार फरकाने मांडलेले असतात, त्यामुळे एका ठिकाणी पाहिलेला प्रयोग दुसऱ्या शहरात पुन्हा भेटतो आणि पोरं ओळखीचं माणूस भेटल्यासारखी धावत सुटतात.

मुद्दा असा की या प्रयोगात काहीतरी बदलून बघायची सोय मुद्दाम ठेवलेली असते. चेंडू जड घ्या, हलका घ्या. पाणी इकडून सोडा, तिकडून अडवा. नुसतं बटण दाबून पुढे पळालं तर अर्धा प्रयोग झालाच नाही असं समजा.

जायच्या आधी

दिवस निवडताना एक गंमत आहे. सगळे म्हणतात सुट्टीच्या दिवशी गर्दी असते म्हणून आडवारी जा, पण आडवारी सकाळी शाळांच्या सहली येतात आणि एका वेळी दोनशे पोरं एका दालनात घुसली की आपलं पोर भिंतीला चिकटून उभं राहतं. सहली साधारण दुपारी लवकर परत निघतात. त्यामुळे आडवारी दुपारनंतर, नाहीतर सुट्टीच्या दिवशी दार उघडायच्या वेळेला, हे दोन बरे पर्याय. फोन करून "आज कुठल्या शाळा येणार आहेत का" असं विचारलं तरी सांगतात, आम्ही कायम विचारतो.

तारांगण किंवा एखादा लाइव्ह शो असेल तर त्याची वेळ आत शिरल्या शिरल्या बघून ठेवा, जागा मर्यादित असतात. द्रवरूप नायट्रोजनचा शो असेल तर चुकवू नका, उणे 196 डिग्रीला उकळणारं ते प्रकरण, त्यात फुगवलेला फुगा बुडवला की चपटा होतो आणि बाहेर काढला की आपोआप परत फुगतो, ते बघताना मोठी माणसंसुद्धा आ वासून बसतात. तारांगण मात्र चार वर्षांखालच्या पोरांना बऱ्याचदा झेपत नाही, अंधार झाला की रडारड. दाराजवळची खुर्ची पकडा.

सोबत काय घ्यायचं? एक जोडी कपडे, कारण पाण्याचं टेबल असतंच असतं आणि पोर त्यात कोपरापर्यंत जातंच जातं. मोजे, कारण काही खेळायच्या जागांवर बूट काढायला लावतात. घट्ट बसणारे बूट, साबणाच्या फुग्यांच्या जागेजवळची फरशी भयंकर निसरडी असते. छोटी वही आणि पेन्सिल, हे कशाला ते पुढे येईल. आवाजाला घाबरणारं पोर असेल तर कान झाकणारे हेडफोन. एवढं बास, मोठी बॅग घेतलीत तर दिवसभर ती तुम्हीच वाहणार.

दोन सावधगिरीच्या गोष्टी, या मात्र चेष्टेवारी नेऊ नका. सोबत आजी-आजोबा असतील आणि कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर मोठी चुंबकं, प्लाझ्मा बॉल (आत विजेच्या रेघा नाचतात तो काचेचा गोळा) आणि केस उभे करणारं ते व्हॅन डी ग्राफ यंत्र यांच्यापासून लांब राहायचं, तशा पाट्याही असतात. आणि कोणाला फिट्सचा त्रास असेल तर झपझप लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या खोलीत जायच्या आधी स्टाफला विचारा. बाकी चुंबकाच्या टेबलावर पाकीट ठेवू नका, पट्टीवालं कार्ड खराब होऊ शकतं.

पहिली वीस मिनिटं सोडून द्या

आत गेल्यावर पोरं वेड्यासारखी पळतात. हे बटण दाब, ते चाक फिरव, कुठलंच धड बघत नाहीत आणि आपण मागून ओरडत असतो "अरे थांब, वाच तरी काय लिहिलंय!" मी हे आता सोडून दिलंय. पहिली वीस मिनिटं पळू द्यायचं, तो त्यांचा जागा समजून घ्यायचा प्रकार असतो, आपणही नव्या घरात गेलो की आधी सगळ्या खोल्यांत डोकावून येतो तसंच ते. फक्त हरवल्यावर भेटायची जागा आधी ठरवून ठेवा आणि "काही झालं तर आय-कार्ड लावलेल्या ताई-दादांना सांगायचं" हे बजावून ठेवा. लहानग्यांच्या खिशात आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका.

वीस मिनिटांनी एकत्र बसायचं आणि विचारायचं, परत कुठे जायचंय? प्रत्येकाने दोन सांगायचे. दोन पोरं म्हणजे चार प्रयोग, आणि दिवसभराचा प्लॅन तोच. बाकीचं जाता येता जे दिसेल ते. ऐकायला फार कमी वाटतं ना? पण करून बघा.

चेंडूपाशी चाळीस मिनिटं

एकदा धाकटीने निवडला तो हवेत तरंगणारा चेंडू. जमिनीतून वर हवेचा झोत येतो आणि त्यावर बीचबॉल अधांतरी नाचत राहतो, हे जवळजवळ सगळीकडे असतं. मी मनात म्हटलं पाच मिनिटांत होईल. पहिली दहा मिनिटं ती नुसती चेंडू सोडायची आणि हसायची. मग तिने चेंडूला बोटाने बाजूला ढकललं, तो परत मध्ये आला. जरा जोरात ढकललं, परत आला. मग म्हणाली, "आई, हा जातच नाहीये गं, त्याला कोणी ओढतंय का?" माझ्या जिभेवर सगळं भाषण तयार होतं, गिळलं. म्हटलं, "तुला काय वाटतं, कुठून ओढतंय?" तिने चेंडूच्या भोवती हात फिरवून बघितला, वर, खाली, बाजूला. मग तिला कळलं की झोताच्या नळीला हँडल आहे आणि ती तिरकी करता येते. तिरकी केली, तरी चेंडू पडला नाही! तिरका, अधांतरी, बाजूला लटकल्यासारखा. तेव्हा तिचा जो चेहरा झाला तो अजून डोळ्यासमोर आहे. मागे रांग लागली होती म्हणून मध्ये मध्ये बाजूला होत, परत नंबर लावत, असे चाळीस मिनिटं आम्ही तिथेच होतो.

(तुमच्यासाठी उत्तर: हवेचा झोत चेंडूच्या गोल अंगाला चिकटून वळतो. चेंडू एका बाजूला सरकला की झोत त्याच्यावरून वळून बाहेरच्या दिशेला फेकला जातो, आणि हवा तिकडे फेकली गेली की चेंडूला उलट दिशेने, म्हणजे झोताच्या मध्याकडे, ढकललं जातं. पोराने विचारलं तरच सांगा, तेही एका वाक्यात.)

बोलायचं किती आणि काय

सगळ्यात अवघड भाग हाच आहे, कारण आपल्याला शिकवायची खाज असते. मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरवून ठेवलेत. बटण दाबायच्या आधी "काय होईल वाटतंय?", झाल्यावर "काय झालं?", आणि मग "आता काय बदलून बघूया?" यात "का" नाहीये हे बघा. "का झालं असं?" विचारलं की पोराला वाटतं परीक्षा चालू झाली, ते खांदे उडवून पुढे पळतं. "का" त्याच्याकडून येऊ दे.

अंदाज आधी बोलून घ्यायचा याचं महत्त्व तांब्याच्या नळीपाशी कळतं. उभी तांब्याची नळी असते, वरून एक साधा लोखंडाचा तुकडा सोडायचा, तो टक्कन खाली पडतो, मीटरभर उंचीवरून पडायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. मग तसंच दिसणारं चुंबक सोडायचं आणि ते येतच नाही! एक, दोन, तीन मोजत बसायचं, वरून डोकावलं तर आत सावकाश, लिफ्टसारखं खाली उतरताना दिसतं. आधी अंदाज विचारला नसता तर पोर म्हणालं असतं "हं, हळू पडतंय" आणि गेलं असतं. अंदाज चुकलेला असला की ते नळीला चुंबक चिकटतंय का बघतं, आणि तांब्याला चुंबक चिकटत नाही हे स्वतःच शोधून काढतं, मग तर डोकंच फिरतं त्याचं. थोरल्याने तिथे सलग अकरा वेळा चुंबक सोडलं. पडणाऱ्या चुंबकामुळे नळीच्या भिंतीत विजेचे गोल गोल प्रवाह तयार होतात आणि ते चुंबकाच्या पडण्यालाच विरोध करतात, लेंझ नावाच्या शास्त्रज्ञाने हा नियम 1834 मध्ये मांडला, हे त्याला दोन वर्षांनी शाळेत आलं तेव्हा घरी येऊन म्हणाला, "अगं, ही तर आपली नळी."

उत्तर माहीत नसेल तर "मला पण नाही माहीत" असं सरळ सांगा. आपण काही तिथले गाइड नाही. पाटी आपण वाचायची, पोर खेळत असताना, गुपचूप, आणि त्यातला एकच शब्द किंवा एकच सूचना योग्य वेळी सोडायची, "इथे लिहिलंय हँडल उलटं पण फिरतं म्हणे." पोराला उभं करून मोठ्याने पाटी वाचायला लावणं म्हणजे चांगल्या खेळाचा धडा करून टाकणं.

आणि आता एक कबुली. 2001 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या म्युझियममध्ये आई-वडील पोरांशी काय बोलतात ते रेकॉर्ड केलेलं. मुलं आणि मुली दोघंही तेवढ्याच उत्साहाने प्रयोग हाताळत होते, पण आई-वडील मुलींपेक्षा मुलांना समजावून सांगण्याची शक्यता तिप्पट होती. वाचून मी म्हटलं, छे, आमच्याकडे असलं काही नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा स्वतःचं बोलणं जरा कान देऊन ऐकलं. गिअरच्या टेबलावर थोरल्याला म्हणत होते, "बघ, लहान चाक दोनदा फिरतं तेव्हा मोठं एकदा." आणि तिथेच, त्याच टेबलावर, धाकटीला, "वा, किती छान फिरवतेस गं!" लाजच वाटली. मुलगी असेल तर एवढं लक्ष ठेवा, कौतुक करा हो, पण चाकांचे दाते पण मोजा तिच्याबरोबर.

काही नेहमीचे प्रयोग, त्यातली युक्ती

कुजबुजणाऱ्या तबकड्या. दालनाच्या दोन टोकांना दोन मोठ्या खोलगट तबकड्या असतात आणि इकडे हळू बोललं की तिकडे ऐकू येतं. नव्वद टक्के लोक हे चुकीचं करतात, समोरच्याकडे तोंड करून ओरडतात. तोंड आपल्या तबकडीकडे करायचं, पाठ समोरच्याकडे, आणि तबकडीसमोर जी कडी किंवा खूण असते तिथे तोंड आणायचं, कारण आवाज तिथून तबकडीवर आपटून सरळ पलीकडे जातो आणि पलीकडच्या तबकडीतून गोळा होऊन तशाच खुणेपाशी येतो. लहान पोराला उचलून धरावं लागतं. भांडणाऱ्या भावंडांना शांत करायला याच्यासारखा उपाय नाही, दोघांना दोन टोकांना पाठवायचं, पाच मिनिटांत एकमेकांना गुपितं सांगायला लागतात.

फिरती खुर्ची. खुर्चीवर बसून हात पसरायचे, हातात वजनं, कोणीतरी हळू फिरवायचं, आणि मग हात छातीशी घ्यायचे. गर्रकन वेग वाढतो. यात पोराला हळूच फिरवा, जोर ते स्वतः हात आत घेऊन आणेल, तीच तर गंमत आहे. खाऊन आल्यावर लगेच बसू नका. मी बसले होते. जास्त सांगत नाही.

गार लोखंड, कोमट लाकूड. लोखंडाची आणि लाकडाची पट्टी शेजारी शेजारी असते, हात लावला तर लोखंड गार लागतं. पुढे थर्मामीटर लावलेला असतो आणि दोन्हीचं तापमान सारखंच! लोखंड हातातली उष्णता भराभर ओढून नेतं म्हणून गार लागतं. फार साधा, कोणी थांबत नाही इथे, रांग नसते, म्हणून मला भारी आवडतो. पोराला विचारा, मग बर्फाचा खडा कशावर आधी वितळेल? जवळजवळ सगळे म्हणतात लाकडावर, कारण ते "गरम" आहे. घरी जाऊन करून बघा, धातूच्या ताटलीत आधी वितळतो.

रंगीत सावल्या. लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे एका पांढऱ्या भिंतीवर, सगळे लागले की भिंत पांढरीच दिसते, पण मध्ये हात धरला की पिवळी, आकाशी आणि गुलाबी अशा सावल्या. एकेक दिवा हाताने झाकून बघायचा. तीन-चार वर्षांची पोरंसुद्धा इथे रमतात, काही समजावू नका, नाचू द्या.

केस उभे करणारं यंत्र स्टाफशिवाय चालवत नाहीत, आणि पावसाळी दमट हवेत ते नीट चालतही नाही कारण हवेतल्या ओलाव्यातून चार्ज गळून जातो. त्याच्यासाठीच येणार असाल तर कोरडा दिवस बघा. केस धुतलेले, तेल न लावलेले, मोकळे असतील तर जास्त मजा. पोर घाबरलं तर आग्रह नको, बघणाऱ्यांनाच जास्त मजा येते तिथे.

आणि लंबक. दारातच बहुतेक उंच छतावरून एक जड गोळा टांगलेला असतो आणि खाली गोलात छोट्या खुंट्या उभ्या केलेल्या असतात. पोरं दोन मिनिटं बघतात, खुंटी पडत नाही, कंटाळून जातात, आणि आपण म्हणतो "अरे पृथ्वी फिरतेय ना म्हणून..." कोण ऐकतंय. यावर आमची युक्ती म्हणजे आत येताना एका ठरलेल्या जागी उभं राहून, गोळा कुठून कुठे जातोय त्याचा फोटो काढायचा किंवा वहीत रेघ काढायची, पोराच्या हातानेच. आणि जाताना त्याच जागी उभं राहून परत. रेघ फिरलेली असते! लेऑन फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1851 मध्ये पॅरिसच्या पँथियॉन नावाच्या इमारतीत 67 मीटर लांब तारेला 28 किलोचा गोळा बांधून हेच लोकांना दाखवलं होतं. पॅरिसमध्ये त्या रेघेला पूर्ण गोल फिरायला साधारण 32 तास लागतात, म्हणजे तासाला अकराएक अंश. ध्रुवावर असता तर एका दिवसात पूर्ण गोल, आणि विषुववृत्तावर अजिबात फिरत नाही, त्यामुळे तुम्ही विषुववृत्ताच्या जवळ राहत असाल तर फरक कमी दिसेल, तिथे आल्यापासून जाईपर्यंत पूर्ण वेळ मधे जाऊ द्या. वही यासाठी.

बिघडलेलं, गर्दी आणि रडारड

दर वेळी काही ना काही बंद असतं. हजारो पोरं रोज ओढतात, आपटतात, तर मोडणारच. एकदा थोरल्याचा लाडका प्रयोग बंद होता, तो फुगून बसला. तिथे एक तंत्रज्ञ काका पॅनेल उघडून आतला पट्टा बदलत होते, त्यांनी हाक मारून बोलावलं, आतली मोटर, पट्टा, सेन्सर सगळं दाखवलं, आणि खरं सांगू का, त्या दिवशीचं सगळ्यात भारी एक्झिबिट तेच ठरलं. तेव्हापासून बंद मशीन दिसलं की आम्ही कोणी दुरुस्त करतंय का ते आधी बघतो.

धक्काबुक्की करणाऱ्या दुसऱ्या पोरांबद्दल, त्यांच्यावर ओरडू नका, "याचं झालं की तुझा नंबर, तोवर हे धर" असं म्हणून त्याला कामाला लावा. बऱ्याचशा प्रयोगांना दोन माणसं लागतातच. आपलं पोर सोडायलाच तयार नसेल तर वेळेचं बोलू नका, त्याला काही कळत नाही, "अजून तीनदा सोड, मग त्यांना देऊ" असं मोजून सांगा.

दोन वयांची पोरं असतील आणि दोन मोठी माणसं असतील तर तासभर सरळ वेगळे व्हा. लहान्याला पाणी आणि ठोकळे, मोठ्याला त्याचं त्याचं. सगळ्यांनी मिळून सगळं करायचं हा हट्टच भांडणं लावतो. आणि बारा-तेरा वर्षांचा, कानात इअरफोन घातलेला "बोअर आहे" म्हणणारा प्राणी सोबत असेल तर त्याला धाकट्याचा गाइड करा, नाहीतर "इथला कुठला प्रयोग खोटा वाटतो ते शोध" म्हणून सोडून द्या, तो बरोबर आरशांच्या आणि वाकड्या खोलीच्या तिकडे सापडेल.

पोर दमलंय हे ओळखायचं कसं? बटणं नुसती आपटायला लागलं, पाण्याने दुसऱ्यांना भिजवायला लागलं, पायऱ्यांवर आडवं झालं, की निघायचं. एक दालन राहिलं तर राहू दे. वाटेत भेटवस्तूंचं दुकान असतंच, बाहेरचा रस्ता मुद्दाम त्यातूनच काढतात, त्यामुळे काय आणि किती घ्यायचं ते आत शिरायच्या आधी ठरवा. शक्यतो भिंग, चुंबक, आरसा असलं काहीतरी, रोबोटचा डबा नको, तो घरी जाऊन आपल्यालाच जोडावा लागतो.

घरी आल्यावर

"काय शिकलास?" विचारू नका, "काहीच नाही" हेच उत्तर मिळतं. दोन दिवस गप्प बसा. आमच्याकडे आंघोळ करताना, जेवताना, असं कधीतरी एकदम बाहेर येतं, "आई, तो चेंडू ना..." तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवता आलं तर ठेवा. चमच्यात तोंड उलटं का दिसतं, काठीसारखी सरळ वस्तू पाण्यात वाकडी का दिसते, हे सगळं तिथल्याच प्रयोगांचं घरगुती रूप आहे, सामान काही लागत नाही. शक्य असेल तर वार्षिक पास काढा, म्हणजे तासाभरासाठी, फक्त एक प्रयोग करायला जाऊन परत येता येतं आणि पैसे वसूल करायचं भूत मानेवरून उतरतं.

आमच्या धाकटीने तर चेंडूचा प्रयोग घरीच केला, हेअर ड्रायर गार हवेवर ठेवून वर टेबल टेनिसचा बॉल. (गार हवेवरच, आणि शेजारी उभे राहा.) मस्त तरंगला. तिरका केला तरी तरंगला. मग तिला वाटलं दोन बॉल तरंगतील का, त्यातला एक उडून कपाटामागे गेला, आणि कपाट सरकवायला बाबा रविवारी मोकळे होतील म्हणून बसलोय.